चौकोनाची वरची बाजू

तिच्याकडे होतं काय, तर डोळा. रूप म्हणाल तर बेताचं, शिक्षण शाळेपुरतं, नवरा लग्नानंतर चौथ्याच वर्षी गेला आणि पदरी मूल नाही. पण भिंतीवरची तसबीर केसभर कलली असली तर हिच्या घशाखाली घास उतरायचा नाही. कुणाच्याही घरी गेली की आधी उठून तसबीर सरळ करायची, मग पाणी प्यायची. नातेवाईक हसायचे. हसोत बापडे! त्या डोळ्याच्या जोरावरच तिला विद्यापीठाच्या मानसशास्त्र विभागात नोकरी लागली आणि तीस वर्षं टिकली.

नोकरी ऐकून तुम्हीही हसाल. कार्डं कापायची. तिथल्या प्रयोगशाळेत माणसांना आकार दाखवत आणि विचारत, यातला कुठला आवडला? बस्स, एवढंच. का आवडला ते विचारायचं नाही. लोक येत, करड्या पडद्यांच्या खोलीत खुर्चीवर बसत, समोरच्या काळ्या फळ्यावर दोन पांढरे आकार लागत आणि लोक सांगत, "डावा," "उजवा." ते आकार ही बाई कापायची. पडद्यामागे खिडकीपाशी तिचं टेबल, त्यावर कात्री, कटर, पेन्सिल आणि पांढऱ्या जाड कागदाचा गठ्ठा. तिचं काम इतकं नेमकं की विभागात सगळे तिला तोंडावर बाई म्हणत आणि पाठीमागे फूटपट्टी.

दुपारी त्या खोलीत वेळ पातळ व्हायचा. पडद्यापलीकडून आवाज यायचे, डावा, उजवा, पुन्हा डावा, कुणीतरी झोपेत बोलावं तसे. कार्डाकडे बराच वेळ बघून तिनं नजर उचलली की भिंतीवर तोच आकार काळसर होऊन तरंगायचा. गोल असला तर गोल, चांदणी असली तर चांदणी. नजर हलवली की तोही हलायचा, आणि हळूहळू विरून जायचा. डोळ्यांचा थकवा तो, दुसरं काही नाही, असं विभागातले सर सांगत. असेल. पण बाईला ते आवडायचं. कधी कधी ती मुद्दाम दोन-तीन आकार भिंतीवर सोडायची आणि हनुवटीला हात लावून बघत बसायची. घरी जाताना बसमध्ये पुढच्या माणसाच्या पाठीवर एखादा अंडाकृती तरंगत राहायचा आणि त्याला बिचाऱ्याला पत्ताही नसायचा.

लोकांना काय आवडतं ते तिला तोंडपाठ झालं होतं. कोपरे बोथट केलेले, वळणाचे आकार बहुतेकांना आवडतात. टोकं आली की माणूस जरा मागे सरतो. अपवाद असायचेच. एक शिंपी आला होता, त्यानं झाडून सगळे टोकदार निवडले. एक आडदांड पैलवान प्रत्येक वेळी गोलाकडे बोट दाखवायचा आणि लाजायचा. बाई पडद्याच्या फटीतून हे सगळं बघायची. तिला मात्र तीस वर्षांत कुणी विचारलं नाही, की बाई, तुम्हाला कुठला आवडतो?

तिची कापायची एक रीत होती. आधी पट्टीनं आखायचं, थोडं मोठंच. मग कापून कार्ड हातभर लांब धरायचं, मान तिरकी करायची आणि डोळा हो म्हणेपर्यंत कडेनं तासत जायचं. शेवटी मागच्या बाजूला वरच्या कडेशी पेन्सिलीचं एक बारीक टिंब. ही वरची बाजू, असं लावणाऱ्याला कळावं म्हणून. नोकरीच्या पहिल्याच आठवड्यात तेव्हाच्या विभागप्रमुखांनी तिचा चौकोन उजेडात धरला होता आणि म्हणाले होते, हा खरा चौकोन. त्या शब्दावर ती जगली. त्यानंतर तिच्या कार्डांना पट्टी लावायची कुणाला गरजच वाटली नाही.

भावाची मुलगी शाळेपासून तिच्याकडेच वाढली. भावाच्या सतत बदल्या, मग पोरीचे हाल कशाला, म्हणून हिनंच तिला ठेवून घेतलं. ती भाची आता त्याच विभागात पीएच.डी. करत होती. विषय साधा वाटतो, पण नाकी नऊ आणणारा. चौकोन हळूहळू रुंद करत नेला तर माणसाला तो कुठवर आवडतो? चार वर्षं झाली होती, सहाशे माणसं बसवून झाली होती, प्रबंध टाईप करायचाच काय तो उरला होता. सगळ्या कार्डांवर आत्याचा हात फिरलेला. दोघींना त्याचा कोण अभिमान!

एका दुपारी भाची स्वतः कार्डं लावत होती. समोरची शिक्षिका उत्तरं देऊन गेली तशी बाई पडद्याबाहेर आली आणि म्हणाली, "अगं, तो चौकोन आडवा लावलास."

भाची खो खो हसली. "आत्या, चौकोन कधी आडवा असतो का?"

"असतो तर. मागचं टिंब बघ."

भाचीनं कार्ड उलटं केलं. टिंब डावीकडे होतं. तिचं हसू जिथल्या तिथे थांबलं. तिनं पट्टी आणली, कार्डाला लावली, मग दुसऱ्याला, तिसऱ्याला. चाळीस चौकोन होते. चाळीसही उंचीला दोन मिलिमीटर कमी. एकही कमीजास्त नाही.

ज्याच्यापासून सगळं मोजायचं तो चौकोनच चौकोन नव्हता. चार वर्षं पाण्यात गेली होती. पण पोर गुणाची, आत्याला एका शब्दानं बोलली नाही. उलट म्हणाली, चूक माझीच, मी मोजायला हवं होतं. मग जरा वेळानं, खालमानेनं, असंही म्हणाली की तुझ्या निवृत्तीला तीनच महिने आहेत, कुणाला कळायचं कारण नाही.

बाईच्या लक्षात आलं. आपलं नाव राखायला ही पोर खोटं लिहायला निघाली होती.

"मला माहीत होतं," बाई म्हणाली.

आणि मग तिनं सगळं सांगून टाकलं. नोकरीच्या दुसऱ्या वर्षी तिनं एकदा सहज पट्टी लावली होती. दोन मिलिमीटर. मापात बसवून नवा चौकोन कापला तर तो उंचेला, ताठलेला दिसायला लागला, बघवेना. जुना धरला तर कसा छान, शांत. तिनं स्वतःची समजूत घातली की पट्टी झिजली असेल. झिजतात का कधी पट्ट्या? पण माणूस अडला की काहीही झिजवतो. पट्टी आखायपुरती ठेवली, तपासायला पुन्हा कधी घेतली नाही. डोळा गेला तर आपल्याकडे उरतं काय, ही एकच भीती.

भाची ऐकत राहिली आणि मग तिनं आत्याचा हात हातात घेतला. समजावलं, की उभी रेघ सगळ्यांनाच आडवीपेक्षा थोडी लांब दिसते, त्यामुळे मापातला चौकोन उंच वाटतो. तू तो डोळ्यासाठी सुधारत होतीस. तुझा डोळा चुकलेला नाही, आत्या. बाईचा जीव भांड्यात पडला. काम चुकलं होतं, पण डोळा खरा होता. एवढं उरलं तरी पुष्कळ होतं.

दोघींनी जाऊन भाचीच्या मार्गदर्शक सरांना सांगितलं. सर म्हणाले, सगळं पुन्हा करावं लागेल, एक वर्ष तरी जाईल, कार्डं यंत्रावर कापून घेऊ. बाई म्हणाली, माझ्या हाताची चूक आहे, माझाच हात निस्तरेल. सरांनी तिच्या चेहऱ्याकडे बघितलं आणि मान डोलावली.

तीन महिने ती पट्टी लावून कापत होती. पहिले काही दिवस फार वाईट गेले. प्रत्येक चौकोन टाचा उंचावून उभा राहिल्यासारखा दिसायचा. वरून सालीएवढं तासावं म्हणून हात शिवशिवायचा, तेव्हा ती कटर खाली ठेवून दोन्ही हात मांडीखाली घेऊन बसायची. आपल्या हातानं कुरूप करतोय, असं वाटून एकदा रडलीही. भिंतीवर आता उंच आकार तरंगायचे, दुपारभर, एकामागून एक. ती त्यांच्याकडे बघायची. दुसरं बघायला होतंच काय? खिडकीतलं ऊन टेबलावरून सरकायचं, कार्डांचा ढीग वाढायचा, दिवस एकमेकांत मिसळून जायचे. कधीतरी हात शिवशिवायचा थांबला. ते तिच्या लक्षातही आलं नाही.

शेवटच्या आठवड्यात कार्डं पुरी झाली. प्रयोग नव्यानं सुरू करायच्या आधी एकदा करून बघायला हवा होता. भाची म्हणाली, आत्या, तूच बस. बाईनं आधी नको नको केलं, मग पदर सारखा करून खुर्चीवर बसली. या बाजूनं खोली वेगळीच दिसत होती, मोठी आणि अंधूक. तिला कळत होतं की पोर जुना आणि नवा चौकोन शेजारी लावणार. तिनं मनाशी ठरवलं होतं, आपल्या जुन्या चौकोनाचं नाव ठणकावून घ्यायचं. खोटं कशाला बोलायचं? आवडतो तर आवडतो.

भाचीनं दोन चौकोन लावले आणि बाजूला झाली.

बाईनं बघितलं. उजवा कसा छान होता, शांत. डावा बसका, कुणीतरी डोक्यावर हात ठेवून दाबल्यासारखा.

"उजवा," ती म्हणाली. "आणि हा डावा बुटका कुणी कापला गं?"

भाची हातातली कार्डं सारखी करायला लागली.

"सांग ना."

"तू," भाची म्हणाली. "जुना आहे तो."

बाई डाव्याकडे बघत राहिली. मान तिरकी करून बघितलं, डोळे मिटून पुन्हा उघडून बघितलं. तो बुटकाच होता. तिच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं, तरी तो बुटकाच.

"तीस वर्षं बघत होते म्हणून आवडायचा," ती म्हणाली. "एवढंच होतं गं ते."

भाची म्हणाली, तू तर विभागातलीच आहेस, तुझं उत्तर नाही धरलं तरी चालेल. बाईनं पदरानं डोळे पुसले.

"धर. उजवा लिही," ती म्हणाली. "आणि पुढची जोडी लाव."