पौषातली घोणस

बायकोची काठी मी उचलली आणि वालाच्या वेलाला आधार म्हणून रोवून टाकली. मोशीतली शेती आम्हीच विकली. घरामागं दोन गुंठे उरलेत, त्यात ती मेथी लावते. वाफ्यात हात घालण्याआधी काठीनं जमीन ठोकायची तिची सवय.

"अगं, पौष चाललाय," मी म्हणालो. "दिवाळीचा फराळ संपला की साप बिळात. आमच्या वडलांचा नियम हाय." दुसऱ्याचा नियम मी फार ठामपणे सांगतो.

दुसऱ्या दिवशी दुपारी ती मेथी खुडत होती. मी ओट्यावर नुसत्या बनियनवर पेपर वाचत होतो. स्वेटर यंदा कपाटातून निघालाच नव्हता. तेवढ्यात शिट्टीसारखा लांबलचक आवाज आला.

"शेजारच्यांच्या कुकरचा वॉशर गेलाय," मी पेपरातून डोकं न काढता निकाल दिला.

"अहो, कुकर न्हाई," ती अगदी हळू म्हणाली. "पायाशी घोणस हाय. इकडं येऊ नका. फोन करा."

वेटोळं तिच्या पावलापासून हातभर. ती दगडासारखी उभी. माझा पहिला फोन गडबडीत गॅसवाल्याला लागला, दुसरा साप पकडणाऱ्याला. काही वेळानं घोणसच पाण्याच्या पाइपाखाली सरकली, तेव्हा कुठं बायको एकेक पाऊल मागं आली.

साप पकडणारा पोरगा चाकणची पहिली शिफ्ट संपवून कंपनीच्या गणवेशातच आला. घोणस पिशवीत घालून त्यानं पिशवीचं तोंड बांधलं. मी त्यालाही वडलांचा नियम ऐकवला.

"काका, थंडी राहिलीय कुठं?" तो हसला. "घोणस थंडीतबी ऊन खायला निघायची, पण तिकडं माळावर. आता दिवाळीनंतरबी माळ तापतोय, दरडीतली ओल लवकर जाती. तुमच्या वाफ्यात ओल हाय, उंदीर हायत. मला बारा महिने ओव्हरटाइम!"

आमच्या वाफ्यापुरते वडील चुकले नव्हते. ज्या थंडीच्या भरवशावर ते बोलायचे, ती गेली. घोणशीनं मुक्काम हलवला, तिला कळलं. मी इथंच जन्मलो, मला कळलं नाही.

मी काठी उपटली, धुतली आणि बायकोपुढं धरली. "आता मला सगळं समजलंय. उद्यापासून मेथी मी खुडतो."

तिनं काठी घेतली. "मेथी मीच खुडीन. तुम्ही ओट्यावर बसून शिट्ट्या मोजा."