राहून गेलेलं दूध

माझा भाऊ जाकीर खांडबाऱ्यात गाद्या-रजया भरतो. आम्ही पिंजारी, कापूस पिंजणं हाच घरचा धंदा. त्याचं मशीन सुरू झालं की शेजारच्या घरातली भांडी थरथरतात. आणि हा बाबा दर थोड्या वेळानं मशीन बंद करतो, रस्त्याकडे कान लावतो. "कुणी हाक मारली का?" गिऱ्हाईकं हसतात. बाजाराच्या दिवशी टवाळ पोरं लांबून "ओ जाकीरभाई" ओरडून लपतात. हा भुवयांत कापूस घेऊन बाहेर येतो आणि रिकाम्या रस्त्याला विचारतो, "काय शे भाऊ?" माझ्या तळपायाची आग मस्तकात जाते. एकदा तर मी त्या पोरांच्या मागे खराटा घेऊन धावले होते.

ही सवय त्याला सुरतेहून लागली.

मी सातवीत, तो पाचवीत. परीक्षा संपल्या आणि अब्बा म्हणाले, "चला, सुरतला. सुट्टीला." आमच्या सात पिढ्यांत कुणी सुट्टीला गेलेलं नव्हतं! शाळेला सुट्टी लागली की आम्ही उशांचे अभ्रे शिवायचो, बस. मी गल्लीभर सांगत सुटले. अम्मी गाडीत खिडकीशी बसली होती. सालेहा नाव तिचं. बोलायला लागली की अख्खी गल्ली गोळा करायची. त्या दिवशी मात्र व्यारा स्टेशन गेल्यावर तिनं डोळे मिटले ते सुरतेपर्यंत उघडले नाहीत. आम्ही शेंगदाणे खात होतो. टरफलं एकमेकांच्या अंगावर उडवत होतो.

तिच्या पोटात गाठ होती. आम्हाला कुणी काही सांगितलं नाही. मोठा दवाखाना, त्याच्यासमोर भाड्याची खोली, सगळं आम्हाला सुट्टीतच धरलेलं वाटलं.

दवाखान्यासमोर, रस्त्यापलीकडे, एका इमारतीच्या तळघरात व्हिडिओ गेमचं पार्लर होतं. रस्त्यावरून दिसणारा मळकट लाल पडदा, आत अंधार, आणि कपाटाएवढ्या पेट्या ओळीनं उभ्या. प्रत्येक पेटीत टीव्ही. विमानं उडतायत, माणसं गुद्दे हाणतायत, कुठून तरी सतत ठुईं-ठुईं आवाज. आमच्या घरी तेव्हा रेडिओसुद्धा थापटल्याशिवाय बोलायचा नाही. जाकीर एका पेटीसमोर स्टुलावर चढला, लाल गोळ्याचा दांडा दोन्ही हातांनी धरला आणि विमान चालवायला लागला. काय चालवत होता म्हणून सांगू! उजवीकडे, डावीकडे, धडाधड गोळ्या. मी मागून ओरडतेय, "मार, मार, तो बघ वरचा!" आम्ही जिंकत होतो. खूप वेळ जिंकत होतो. मग पार्लरचे काका आले, पोट धरून हसले. "अरे बेटा, टोकन तर टाक! हे तर आपोआप चाललंय."

जाकीरचं तोंड एवढंसं झालं. काकांनाच दया आली, त्यांनी खिशातून एक पितळी टोकन काढून दिलं. पहिला डाव डोळ्याची पापणी लवेपर्यंत संपला. पण दुसऱ्या दिवसापासून पोरगा असा काही खेळायला लागला की मोठी मुलं त्याच्यामागे उभी राहून बघायची.

मी? मी पोरगी ना! दुसऱ्या दिवसापासून मला दवाखान्यात अम्मीचे पाय दाबायला खाटेशी बसवलं. जाकीरला अब्बा रोज सकाळी टोकनचे पैसे द्यायचे, जा म्हणायचे. फार जळायचे मी त्याच्यावर. खिडकीतून तो लाल पडदा दिसायचा.

आता एक गोष्ट सांगायला हवी, नाहीतर पुढचं कळणार नाही. आमच्यात आई जायला टेकली की लेकराच्या डोक्यावर हात ठेवून म्हणते, "जा, तुला दूध बख्शलं." बख्शलं म्हणजे माफ केलं. पोटात वाढवलं, अंगावर पाजलं, त्याचं सगळं ओझं त्या एका वाक्यानं उतरतं. एक मौलवीसाहेब म्हणाले होते, हे कुठल्या किताबात नाही. नसेल. आमच्या बायकांच्या तोंडात आहे, आणि ते न ऐकता आई गेली तर लेकरू जन्मभर त्या दुधाखाली राहतं.

शेवटच्या दिवशी सकाळी अम्मीनं माझ्या डोक्यावर हात ठेवला. हात किती हलका झाला होता! म्हणाली, "यास्मीन, तुला बख्शलं." मग म्हणाली, "जाकीरला बोलवा." अब्बा गेले. बऱ्याच वेळानं एकटेच परत आले. म्हणाले, "हाक मारली. येतो म्हणाला."

ती दाराकडे बघत राहिली. दुपारी, दाराकडे बघता बघताच गेली. जाकीर आला तेव्हा तिच्या तोंडावर चादर ओढून झाली होती. तो भूक लागली म्हणून आला होता.

खांडबाऱ्याला परतलो आणि सुरू झालं. फुफी, खाला, शेजारणी, ज्याला तोंड होतं तो बोलला. मरती माय हाका मारत होती आणि पोरगा खेळ सोडून उठला नाही. अब्बा तिथेच बसलेले असायचे, मान खाली घालून. मला वाटायचं, दुःखानं. जाकीर कधीच उलटून बोलला नाही. फक्त एकदा मला म्हणाला, "आपा, मला ऐकूच आलं नाही गं. तिथे आवाजच एवढा होता."

तेव्हापासून तो ऐकतोय. लग्न झालं, पोरं झाली, डोक्यावरचे केस गेले, तरी मशीन बंद करून ऐकतोय. पोराच्या हातात मोबाईलवर गेम दिसला की हिसकावून घेतो, आणि नंतर स्वतःच कोपऱ्यात बसून राहतो. कुणाची आई गेली की मयतीला सगळ्यांच्या आधी हा. तिथे दबक्या आवाजात विचारतो, "दूध बख्शलं ना? पोरं जवळ होती ना?" लोक म्हणतात, जाकीरभाई नेक माणूस. नेक नाही हो तो, घाबरलेला आहे.

गेल्या हिवाळ्यात अब्बांनी अंथरूण धरलं. मी सासरहून येऊन राहिले. एका सकाळी त्यांनी आम्हा दोघांना जवळ बसवलं. "कहा-सुना माफ करो," म्हणाले. जाताना सगळेच म्हणतात. जाकीर लगेच म्हणाला, "माफ अब्बा, काय माफ करायचं तुम्हाला!"

"आधी ऐक," अब्बा म्हणाले. "मी तुला हाक मारलीच नव्हती."

जाकीरला कळेना. मला कळलं.

"पार्लरचा पडदा बाजूला करून उभा राहिलो. तू हसत होतास. किती दिवसांत घरातलं कुणी हसलं नव्हतं. म्हटलं, एवढा डाव होऊ दे. तो संपला, तू दुसरा लावलास. डॉक्टर म्हणाले होते, आजची रात्र काढेल. म्हटलं, संध्याकाळी आणतो. वर येऊन तुझ्या आईला सांगितलं, हाक मारली."

"आणि इतकी वर्षं?" मी ओरडलेच. "लोक याच्या तोंडावर थुंकत होते, तेव्हा तुमच्या तोंडाला काय झालं होतं?"

"आधी हिंमत झाली नाही. मग फार उशीर झाला."

जाकीरनं माझा हात दाबला, गप्प बस म्हणून. त्यानं एवढंच विचारलं, "अब्बा, मी नसताना, पाठीमागे, तिनं बख्शलं का?"

हो म्हणायचं ना! मरणाच्या दारात एक खोटं बोलायचं! नको तेव्हा खोटं बोललात, मग आता कशाला खरं काढलंत? पण अब्बांनी मान हलवली. "नाही. माझ्या कानाशी म्हणाली, त्याच्या डोक्यावर हात ठेवूनच म्हणेन. खेळतोय का, खेळू दे थोडा, म्हणाली."

जाकीरनं अब्बांची चादर नीट केली. "माफ," म्हणाला, आणि बाहेर अंगणात गेला. मी मागोमाग गेले. तो पायरीवर बसला होता. रडत नव्हता.

"तुला बख्शलं ना, आपा?"

"हो."

"मग त्यातलं थोडं मला दे ना."

पन्नाशीला आलेला माझा भाऊ माझ्यासमोर डोकं वाकवून बसला. मी हात ठेवला. काय म्हणायचं असतं ते मला पाठ होतं. पण ते आईनं म्हणायचं असतं. मी बहीण. नुसता हात त्याच्या डोक्यावर तसाच ठेवला.