सगळ्या वार्डांत थोडे थोडे

अलीगंजला आमच्या गल्लीत येणारा भाजीवाला भेंडीची शेपटं स्वतःच मोडून दाखवतो, गिऱ्हाइकाला हात लावू देत नाही. नाव मी कधी विचारलं नाही. त्याची मी अम्माजी, माझा तो भैया.

परवा मात्र त्याचं भेंडीकडे लक्षच नव्हतं. मोबाइलवर संसदेतली चर्चा चालू होती, की नगर निगमात, म्हणजे आपल्या महापालिकेत, ज्यांना जितकी मतं, त्या प्रमाणात त्यांना जागा द्याव्यात का. मी आपलं विचारलं, "भैया, तुम्हारा क्या अटका है इसमें?"

"अम्माजी, हम ठेलेवाले हर वार्ड में थोड़े-थोड़े हैं, सो जीतते कहीं नहीं. हटाने का हुक्म निकलता है, तो वहाँ हमारा एक आदमी नहीं जो पूछे, ये खाएँगे क्या."

तेवढ्यात, बाई, कोपऱ्यावर निगमाची ठेले उचलणारी गाडी दिसली. मी फाटक उघडलं, म्हटलं, "अंदर ले लो." मान वाकडी करून मोबाइल खांद्याशी दाबलेला, तशातच त्याने ठेला आमच्या अंगणात ढकलला. गाडी निघून गेली तरी हा हलेना.

"रुकिए अम्माजी," म्हणाला, "मंत्रीजी का जवाब बाकी है."