किल्ल्याच्या चढावर मित्रा जे बोलली

आधीच सांगते, असले अनुभव वाचून फिदीफिदी हसणाऱ्यांतली मी आहे. बावीस प्रतिज्ञा म्हणत मोठी झाले. भूत, पितर, नजर… आमच्या घरात कशालाच थारा नाही. त्यामुळे हे लिहिताना माझं मलाच कसंतरी होतंय, पण लिहिल्याशिवाय चैन पडत नाही.

आम्ही बहारीनला, तुबलीत राहतो. नवरा सिद्धार्थ एसी मेंटेनन्सला, मी एका ऑफिसात अकाउंट्सला. मुलगी मित्रा सहा वर्षांची, इथेच जन्मलेली. मराठी सगळं कळतं, पण बोलेल तर शपथ! "जेवलीस का?" विचारा, उत्तर "येस मम्मा." मी डोकं फोडायचं सोडून दिलंय.

तिला जर्मनीतला तो डोंगरावरचा किल्ला बघायचा होता… नॉयश्वानस्टाइन. पांढराशुभ्र, उंच मनोऱ्यांचा, परीकथेतला वाटावा असा. गेल्या ऑक्टोबरात आम्हा दोघांना एकदाची एकत्र लीव्ह मिळाली आणि आम्ही गेलो.

खालच्या गावातून वर जायला घोडागाडी असते, पण तिला ही भलीमोठी रांग! आणि तिकिटावर आत जायची वेळ ठरलेली. ती चुकली की खलास.

"यल्ला, चालतच जाऊ," सिद्धार्थ म्हणाला.

आता बहारीनमध्ये चढ म्हणजे फ्लायओव्हर, आणि तोही आम्ही गाडीतून चढतो. अर्ध्या वाटेतच त्याला धाप लागली. थंडीनं माझी बोटं आखडलेली, आणि हा बाबा जॅकेट उघडून घाम पुसतोय!

"बिर्याणी कमी खा म्हणून सांगत होते," मी चिडवलं.

"गॅस झालाय गं," म्हणाला आणि उलट आणखी भराभर चालायला लागला.

मित्रा आमच्या पुढे उड्या मारत चालली होती. ती थांबली. मागे वळली, कमरेवर हात ठेवले आणि बापाकडे बघून म्हणाली —

"सिध्या, काऊन पयून राह्यला? बस गुमान अथी."

का पळतोयस, गुपचूप बस इथं… अस्सल अकोल्याकडची वऱ्हाडी! आवाज तिचाच, बारीक. पण बोलणं तिचं नव्हतं. मी नाशिकची, माझ्या तोंडी हे शब्द येणारच नाहीत. सिद्धार्थ अकोल्याचा खरा, पण इथे घरात तो माझ्यासारखंच बोलतो. आणि त्याला 'सिध्या' म्हणणारं जगात एकच माणूस होतं. त्याचे वडील, आमचे आबा. ते मित्राच्या जन्माआधीच गेले.

सिद्धार्थ पांढराफटक पडला. जागच्या जागी थांबला आणि रस्त्याकडेच्या कठड्यावर मुकाट बसला.

"छातीत दुखतंय गं… सकाळपासून."

तेव्हा कुठे तोंडातून निघालं! मी किंचाळलेच. मागून येणाऱ्या एका बाईंनी, त्या नर्स होत्या, त्याला आडवं केलं, फोन केला. अँब्युलन्स आली. हॉस्पिटलात लगेच स्टेंट टाकले. डॉक्टर म्हणाले, तसाच चढत राहिला असता तर वरपर्यंत पोचला नसता.

मित्राला नंतर विचारलं, "तू पापाला काय म्हणालीस गं?"

"आय सेड नथिंग, मम्मा."

पुन्हा पुन्हा विचारलं तर रडायला लागली. मग मीच नाद सोडला.

कारणं मी कमी शोधली नाहीत. यूट्यूबवर ऐकलं असेल? वऱ्हाडी ऐकलीही असेल, पण 'सिध्या' कुठून आलं? मला भास झाला म्हणावं, तर सिद्धार्थही तेच ऐकून बसला. देव मानत नाही, त्यामुळे आभार कुणाचे मानायचे तेही कळत नाही. पण मानते… रोज मानते. तो शुक्रवारी बुदैयाच्या समुद्रकिनारी गाडी लावून मित्राचा हात धरून हळूहळू चालतो ना, तेव्हा मागून बघताना माझे डोळे भरून येतात.

हॉस्पिटलात मी त्याला एकच विचारलं होतं, "माझं कधी ऐकत नाहीस, तेव्हा लगेच कसा बसलास रे?"

तो हमसून हमसून रडला. म्हणाला, "सुट्टी संपून मी निघालो की आबा दरवेळी म्हणायचे, बस अजून जरा. आणि मी दरवेळी फ्लाइट गाठायला पळायचो. या वेळी बसलो गं."