पोच देणारं यंत्र

छोट्या विमानतळावर ज्यांना सगळे मास्तर म्हणत, ते शाळेचे मास्तर नव्हेत, शिलाईचे. मोटारींच्या सीटा, सोफे, दवाखान्यातली बाकडी, माणूस जिथं म्हणून बूड टेकतो तिथं मास्तरांचा टाका असायचा. कापड विरून जाईल पण शिवण उसवायची नाही, अशी त्यांच्या हाताची ख्याती. ही ख्याती त्यांना ठाऊक होती, आणि लोक विसरू नयेत म्हणून ते अधूनमधून स्वतःच सांगतही असत.

चौदा वर्षांपूर्वी दोन माणसांच्या एका विमानाची फाटकी सीट शिवायला त्यांना बोलावणं आलं. सीट बसवून झाल्यावर ती कशी बसलीय हे बघायला मास्तर स्वतः तिच्यावर बसले. मालकाला गंमत सुचली. त्यानं इंजिन चालू केलं आणि मास्तरांना वर नेऊन एक चक्कर मारून आणली. खाली आल्यावर मालकाला वाटलं, आता हे ओकणार.

मास्तर म्हणाले, "डाव्या बाजूला अर्धा इंच भर कमी पडलीय. आणि हे चालवायचं लायसन किती दिवसांत मिळतं?"

चार वर्षं लागली. त्यातली दोन हवामानाचा पेपर सुटण्यात गेली. डाव्या बाजूची भर घालायची तेवढी राहून गेली. पुढं मालक थकला, तेव्हा चौघांनी मिळून ते विमान घेतलं आणि मास्तर पाव विमानाचे धनी झाले. कुठलं पाव, असं कुणी विचारलं की ते म्हणत, "सीटा."

पण इतक्या वर्षांत मास्तर उडून गेले कुठं? पाण्याची टाकी, वीटभट्टीचं धुराडं, नदीचं वळण, आणि परत. त्या वळणावरचे बगळेसुद्धा आता विमान आलं तरी मान वर करीत नसत.

तीनशे वीस किलोमीटरवर, डोंगरांची रांग आणि दाट रान ओलांडून पलीकडे, त्यांची थोरली बहीण राहायची. सुईत दोरा ओवायला मास्तरांना तिनंच शिकवलं होतं. आता तिचेच डोळे चालले होते. डॉक्टरांनी सांगितलं होतं, थंडी संपली की उजेड आणि अंधार तेवढा कळेल, बाकी धरून चालू नका.

ताई फोनवर म्हणाली, "विमान उडवतो म्हणतोस, खरं-खोटं मी कसं मानू? डोळे आहेत तोवर एकदा दाखवून जा. माझ्या घरामागं फवारणीच्या विमानांचं मैदान आहे. गवताचं आहे, पण सपाट आहे."

"येतो," मास्तर म्हणाले.

घोडं अडलं ते घरात. मास्तरांच्या बायकोला गाव अजून ऑपरेटरबाई म्हणायचं. तीस वर्षं त्या टेलिफोन एक्सचेंजमध्ये होत्या. लग्न जमलं तेही तारेवरच. तरुणपणी मास्तर दर रविवारी ताईला ट्रंक कॉल लावत, आणि मध्येच एक आवाज विचारी, "तीन मिनिटं झाली. वाढवायची का?" मास्तर वाढवत. ताईशी बोलण्यासारखं तीन मिनिटांच्या वर काही नसायचं, तरी वाढवत. हे काय चाललंय ते पहिल्यांदा ताईच्या लक्षात आलं, मग बाईंच्या, आणि मास्तरांच्या सगळ्यात शेवटी.

निवृत्त झाल्या त्या दिवशी बाईंनी कानाला खडा लावला. तीस वर्षं साऱ्या गावाचे फोन जोडले, आता ओळखीचा नंबर असल्याशिवाय उचलायचा नाही. मोबाइलवर अनोळखी नंबर आला की त्या अंगठ्यानं तो असा कापत, की मास्तरांच्या कात्रीनं मान खाली घालावी.

"जायला माझी ना नाही," बाई म्हणाल्या. "पण त्या रानात उतरावं लागलं, तर मला कोण सांगणार?"

"विमानाच्या शेपटीत यंत्र आहे की. आदळलं की आपोआप बोंब मारतं."

"आणि नाही मारली तर?"

मास्तर हा प्रश्न घेऊन मिस्त्रींकडे गेले. विमानांची इंजिनं बघणारे मिस्त्री कमी बोलत, आणि बोलत ते चहा पिता पिता.

"एरियल तुटली, आग लागली, विमान उलटं पडलं, तर ते यंत्र गप्प," मिस्त्री म्हणाले. "शिवाय ते विमानाचं आहे. विमान सापडेल. तुमचं काय? अंगावर ठेवायचं वेगळं मिळतं, बीकन म्हणतात. झाकण उघडायचं, एरियल उभी करायची, मोकळ्या आभाळाखाली धरायचं, बटण दाबायचं. उपग्रहाला कळतं, तिथून बचाव केंद्राला."

"आपोआप नाही?"

"नाही. दाबायला तुम्ही जिवंत लागता."

मास्तरांनी ही अट वहीत टिपून घेतली.

डोंगर चढणाऱ्यांचं आणि होड्या चालवणाऱ्यांचं सामान विकणारं एक दुकान होतं. नवरा-बायको दोघं तिथं गेले. दुकानदारानं काचेवर तीन यंत्रं मांडली. मास्तरांनी गळ्यातली टेप काढून तिन्ही मापली. सगळ्यात छोटं त्यांच्या मनात भरलं. तळहातात मावत होतं, खिशाला फुगवटा येणार नव्हता.

"यावरून काकूंना निरोपही पाठवता येतात," दुकानदारानं तिसरं पुढं सरकवलं. "फक्त दर महिन्याला वर्गणी भरावी लागते."

"वर्गणी संपली त्याच दिवशी हे पडले तर?" बाईंनी विचारलं.

दुकानदारानं तिसरं मागं सरकवलं.

"हे बटण दाबलं, की पलीकडे उचलतं कोण?"

"उचलत नाही कुणी, काकू. उपग्रह असतो..."

"ऐकतं कोण?"

"बचाव केंद्र. चोवीस तास माणूस असतो तिथं."

"त्या माणसानं ऐकलं, हे यांना इकडे कसं कळायचं?"

दुकानदारानं पहिल्यांदाच मास्तरांवरून नजर काढून नीट बाईंकडे पाहिलं. "छोट्यात नाही कळत. या मधल्यात कळतं. निरोप पोचला की हा दिवा लुकलुकतो. म्हणजे कुणी निघालंय असं नव्हे हं. निरोप मिळाला, एवढंच."

"म्हणजे पोच देतं."

"हां, पोच देतं."

"मग हेच द्या," बाई म्हणाल्या. "आमच्या घरात एकाला तरी पोच हवी."

"हे चार बोटं जाड आहे," मास्तर म्हणाले.

"खिसा मोठा शिवा."

मास्तरांनी खिसा शिवला. जाकिटाच्या आतून, मेणकापडाचा, दुहेरी शिवणीचा, वर झाकण आणि झाकणाला दोन बटणं. काजं अशी काढली की दागिना वाटावा. तो खिसा दाखवायला ते मुद्दाम विमानतळावर गेले. मिस्त्रींनी त्यांना विमानात बसवलं, पट्टे आवळले आणि बाहेर उभे राहून म्हणाले, "उजवा हात मोडलाय. काढा यंत्र."

पट्टा नेमका खिशावरून जात होता. पट्ट्याखालून जाकिटात, जाकिटातून झाकणापर्यंत डावा हात पोचला, तो पहिल्या बटणाशी अडला. मिस्त्रींनी चहा ओतून घेतला. दुसऱ्या बटणापर्यंत कप रिकामा झाला होता.

"शिवण झकास आहे, मास्तर," मिस्त्री म्हणाले. "यंत्र इथंच सापडणार. शंभर वर्षांनीसुद्धा."

मास्तर घरी आले आणि उसवायला बसले. स्वतःची शिवण त्यांनी उभ्या जन्मात उसवली नव्हती. फार वेळ लागला. शिवण मास्तरांची होती. मग बिनबाह्यांच्या बंडीवर, बाहेरच्या अंगाला, पट्ट्यांच्या वर छातीशी नवा खिसा बसवला. बटण नाही, वेल्क्रोची पट्टी. यंत्राला दोरी, दोरी बंडीला. डोळे मिटून, आधी डाव्या हातानं, मग उजव्या हातानं, आठ दिवस रोज ते यंत्र काढत आणि परत ठेवत होते. खिशाचं तोंड मात्र सैल होतं, आणि ते आरशात बघताना मास्तर थोडे बाजूला वळत.

यंत्राची नोंदणी करायची होती. विमानाचा रंग, मालकाचं नाव, आणि शेवटी एक ओळ: यंत्र वाजल्यास कोणाला विचारावे. मास्तरांनी बाईंचा नंबर लिहिला.

दहाव्या दिवशी नोंदणीच्या कचेरीचं उत्तर आलं. मास्तरांनी ते मशीनवर बसूनच मोठ्यानं वाचलं. "आपण दिलेल्या नंबरवर तीन वेळा फोन केला. तिन्ही वेळा तो कापण्यात आला. कृपया फोन उचलणाऱ्या व्यक्तीचा नंबर कळवावा."

बाई हूक-बटणांचा डबा आवरत होत्या.

"मंगळवारी आला होता," त्या म्हणाल्या. "मला वाटलं विमेवाले."

"तिन्ही वेळा?"

"तीनतीनदा विमेवालेच करतात."

मास्तरांनी मशीनचं चाक हातानं थांबवलं. "म्हणजे मी रानात पडलो. हात मोडला. दुसऱ्या हातानं यंत्र काढलं, बटण दाबलं. उपग्रहानं ऐकलं, पोच दिली. केंद्रातल्या माणसानं घाईघाईनं फोन लावला. आणि तू कापलास."

"मग शोधायला निघणारच नाहीत का?"

"निघतील. पण चुकून बटण दाबणारेही पुष्कळ असतात. कुठून कुठं चालला होता, किती जण होते, हे सांगणारं कुणी भेटलं तर वेळ वाचतो." मग मास्तरांनी अगदी सरळ मनानं विचारलं, "मिस्त्रींचा नंबर देऊ का?"

पोच नाही म्हणतात ती हीच.

"मिस्त्रींचा?" बाईंनी डबा खाली ठेवला. "आगी लागल्या, पूर आले, लोकांची बाळंतपणं अडली, तेव्हा या गावाच्या तारा मी जोडल्या. आणि माझ्या नवऱ्याचा फोन मिस्त्री उचलणार? तो विमानाखाली पाय पसरून पडलेला असतो."

"मग केंद्राचा नंबर सेव्ह करून ठेव."

"याच नंबरवरून करतील असं लिहून देतात?"

"नाही."

बाई खिडकीशी गेल्या. समोरच्या खांबावर जुन्या तारांची दोन टोकं अजून लोंबत होती.

"तुम्ही वर असाल तोवर येईल तो फोन उचलीन," त्या म्हणाल्या. "खाली आलात की कापीन."

त्यांनी स्वतःच नोंदणीच्या कचेरीला फोन लावला. त्यांचा तो कामाचा आवाज मास्तरांनी फार वर्षांनी ऐकला. "माझी लाइन तपासायची राहिलीय. परत लावा." दोन मिनिटांत फोन आला. एक घंटी पुरी व्हायच्या आत बाईंनी उचलला.

निघायच्या दिवशी आभाळ धुतलेल्या मांजरपाटासारखं होतं. बाईंनी वहीत सगळं उतरवून घेतलं: निघायची वेळ, नदी कुठं ओलांडणार, खिंडीत किती वाजता, पोचायची वेळ सव्वादहा. मग बंडीवरचा खिसा दोन बोटांनी दाबून पाहिला.

"सैल आहे," त्या म्हणाल्या.

"मुद्दाम आहे," मास्तर म्हणाले.

पाण्याची टाकी मागं गेली, धुराडं गेलं, बगळ्यांचं वळण गेलं. त्याच्यापुढं मास्तरांनी जमीन वरून पाहिली नव्हती. आधी शेतं आली, ठिगळांच्या गोधडीसारखी. पुढं डोंगर लागले, कुणी कापड चुरगळून टाकावं तसे, आणि मग रान. पाऊण तास नुसतं रान. ना वाट, ना छप्पर, ना मेंढरू. हिरव्या मखमलीचे तागेच्या तागे कुणीतरी उलगडत चाललं होतं आणि त्याला शिवण कुठं दिसत नव्हती. वारा समोरून होता. मास्तरांचा डावा हात आपोआप छातीकडे गेला. यंत्र होतं तिथंच होतं. पण त्यांना दिसलं ते यंत्र नव्हे, स्वयंपाकघरातल्या टेबलावर ठेवलेला एक फोन, आणि त्याच्यासमोर ताठ बसलेली एक बाई. मग त्यांना रानाचं तितकं काही वाटलं नाही.

मैदान सापडलं तेव्हा साडेदहा वाजून गेले होते. गवताच्या कडेला खुर्ची टाकून ताई बसली होती, शेजारी तिची शेजारीण. विमान थांबलं, मास्तर उतरून धावत आले.

"दिसलं का, ताई?"

"विमान नाही दिसलं. पांढऱ्या आभाळात पांढरं काय दिसायचं मला?" ताई म्हणाली. "पण सावली दिसली. माझ्या अंगावरून गेली. पंख होते तिला." जरा थांबून म्हणाली, "मला त्याच्याजवळ ने."

तिनं पंखावरून हात फिरवला, दारावरून फिरवला, मग आत वाकून सीटवर फिरवला. शिवणीवर बोट ठेवून टोकापर्यंत नेलं. "टाका चांगला आहे," ती म्हणाली. "डाव्या बाजूला भर कमी आहे."

मास्तरांच्या फोनला तिथं रेंज नव्हती. शेजारणीच्या फोनला होती. मास्तरांनी तो घेतला, नंबर फिरवला, आणि मगच त्यांच्या ध्यानात आलं, की हा नंबर बाईंच्या ओळखीचा नाही.

अर्धी घंटी वाजली असेल.

"बोला." तोच आवाज. रविवारचा.

"पोचलो," मास्तर म्हणाले.

तिकडं वहीचं पान उलटल्याचा आवाज आला.

"पोच मिळाली," बाई म्हणाल्या. "पस्तीस मिनिटं उशीर. सकाळपासून सात फोन उचलले. चार विमेवाले, एकाला नळवाला हवा होता, एक बाई मला मावशी म्हणून रडली, तिला तिच्या मावशीचा नंबर शोधून दिला. सातवा मिस्त्री, तुमचा फोन आला का विचारायला. त्याला म्हटलं, लाइन अडवू नका. ताईंना द्या."

मास्तरांनी फोन ताईला दिला. ताई सावलीचं सांगत बसली, मग डोळ्यांचं, मग कमी पडलेल्या भरीचं. मध्येच ती थांबली, कान देऊन ऐकलं, आणि फोन भावाकडे धरला.

"तुला विचारतेय," ती म्हणाली.

मास्तरांनी फोन कानाला लावला.

"तीन मिनिटं झाली. वाढवायची का?"

फोन शेजारणीचा होता. मास्तरांनी तिच्याकडे न बघता वाढवली.