आण्णांची अर्धी अमेरिका

माझे वडील आण्णासाहेब यांना अमेरिकेचा इतिहास अर्धाच पाठ आहे, आणि तो मीच शिकवला याचा मला मनस्ताप होतो.

मी धाराशिवच्या एका कॉलेजात इतिहास शिकवते. राजाच्या चर्चप्रमाणं प्रार्थना करायची नाही म्हणून इंग्लंडातली काही माणसं समुद्रापार गेली, तिथं त्यांनी वसाहती वसवल्या, हे एकदा घरी सांगितलं, तर आण्णा उठूनच बसले. "म्हंजे आमच्यावाणीच की!"

तीस वर्षांपूर्वी त्यांनी जत्रेत बोकड कापायला नकार दिला. गावानं वाळीत टाकलं, आडावर पाणी भरू देईनात. आई घागर घेऊन पार नदीपर्यंत जायची. शेवटी अकरा घरं घेऊन आण्णा तेरणा नदीपलीकडच्या माळावर राहायला गेले. तिथं आजही कोंबडीसुद्धा कापत नाहीत. वस्तीच्या वर्धापनदिनी दरवर्षी मी ही अमेरिकेची गोष्ट माईकवर सांगायची. वसाहती वसल्या, की आण्णा म्हणणार, "बास, आता आरती."

यंदा गोरोबाकाकांनी नातवाच्या जावळाला बोकड कापला. वस्तीच्या बोअरचे पाइप आण्णांबरोबर खांद्यावरून वाहिलेला हा माणूस. त्यांचाच नळ बंद करायचं आण्णांनी ठरवलं. मी समजावलं, भांडले, आईच्या घागरीची आठवण दिली. पण हे ढिम्म! "नेम म्हंजे नेम."

मग वर्धापनदिनी मी माईक सोडलाच नाही. छळाला कंटाळून गेलेल्या त्याच लोकांनी आपल्यातल्या एका धर्मोपदेशकाला, वेगळं बोलतो म्हणून, हद्दपार केलं. ऐन थंडीत बर्फ तुडवत निघाला बिचारा. मंडपात गोरोबाकाका मान खाली घालून बसलेले. आण्णा डोळे मिटून ऐकत होते आणि मला वेडीला वाटलं, जमलं!

"मग त्याचं काय झालं?" आण्णांनी विचारलं.

"त्यानं नवी वसाहत वसवली. तिथं ज्यानं त्यानं आपल्या मनाप्रमाणं देवाला भजावं, कुणी आडवं यायचं नाही," मी आशेनं म्हणाले.

आण्णा उठले आणि त्यांनी गोरोबाकाकांच्या पाठीवर प्रेमानं हात ठेवला. "ऐकलंस न्हवं, गोरोबा? काय बी वाईट व्हत न्हाय. तू बी जा. पलीकडं लई माळ पडलाय."

मग माझ्याकडं वळून कौतुकानं म्हणाले, "पोरी, पुढच्या सालापासनं समदी गोष्ट सांगत जा."