आजोबा नेमके कुठे गेले

आमच्या घरी संध्याकाळच्या कुटुंबप्रार्थनेत एकेकानं आपापल्या शब्दांत, मोठ्यानं प्रार्थना करायची. माझी आणि भावाची परीक्षेभोवती फिरायची, बाबांची चर्चच्या गळक्या छपराभोवती. आईची मात्र माझ्या जन्माआधीपासून एकच होती, ‘‘प्रभू, माझ्या वडिलांचे डोळे उघड.’’

तिचे वडील, म्हणजे माझे आजोबा, बौद्ध होते. मनमाडला रेल्वेत नोकरी केली आणि तिथेच राहिले. आई नर्सिंग शिकायला नाशिकला आली, होस्टेलातल्या मैत्रिणींबरोबर चर्चला जाऊ लागली, बाप्तिस्मा घेतला आणि शरणपूरच्या ख्रिस्ती वस्तीतल्या एका मास्तरांशी, म्हणजे बाबांशी, लग्न केलं. आजोबा तेव्हा एवढंच म्हणाले म्हणे, ‘‘तुझा धर्म तुझ्यापाशी. बाप मात्र मीच हाय.’’

नाताळच्या आठवड्यात ते पॅसेंजरनं यायचे, काखोटीला बांबूच्या कामट्या. दारातून ‘जयभीम’ म्हणायचे, आतून बाबा आम्हा ख्रिस्ती लोकांतला ‘सलाम’ म्हणायचे, आणि मग दोघं आमच्या अंगणातली नाताळची चांदणी बांधायला बसायचे. अख्ख्या गल्लीत तशी चांदणी कुणाची नसे. प्रार्थनेलाही ते मान खाली घालून मुकाट बसत आणि आई त्यांच्यादेखत त्यांच्या डोळ्यांसाठी देवाला साकडं घाली. ‘‘माझे उघडायला सांगती आन् स्वतः मिटून बसती,’’ ते माझ्या कानात कुजबुजत. मी खुदकन हसले की आई डोळे न उघडता बरोबर मलाच चिमटा काढी.

चर्चमध्ये पहिल्यांदा प्रभुभोजनाची भाकर आणि द्राक्षरस घेण्याआधी आम्हा मुलांचा एक वर्ग असे. तिथे चर्चच्या पाळकसाहेबांनी येशूला न मानणाऱ्यांसाठी पेटलेल्या नरकातल्या आगीचा धडा घेतला, तेव्हा मी विचारलं, ‘‘आमचे आजोबा पण त्यात?’’ पाळकसाहेब लोण्याहून मऊ माणूस. चष्मा पुसत म्हणाले, ‘‘देव न्यायी आहे, बाळ.’’

‘‘ते झालं. प्रेमळ आहे का?’’

पोरं फिदीफिदी हसली. मला हसू आलं नाही, संताप आला होता. ज्या माणसानं देवाच्या मुलाच्या वाढदिवसाला दरवर्षी चांदणी बांधली, त्याला देव कायमचा जाळणार आणि आम्ही त्याला प्रेम म्हणायचं? आमच्या गल्लीतला दारुडासुद्धा पोरांशी याहून बरा वागत होता.

घरी येऊन आईपुढे तेच गाऱ्हाणं मांडलं. ‘‘अजून वेळ आहे,’’ ती म्हणाली. ‘‘उघडतील त्यांचे डोळे.’’ तिचा सगळा भरवसा त्या ‘अजून’वर होता.

एका उन्हाळ्यात आजोबा छातीत कळ येऊन गेले. मनमाडला त्रिसरण-पंचशील झालं, पांढऱ्या कपड्यांतली माणसं पांगली, आम्ही परतलो. चर्चमधल्या बायका भेटायला आल्या. आमच्यात कुणी वारलं की ‘प्रभूमध्ये निजले’ म्हणतात. आजोबांबद्दल सगळ्या नुसतं ‘गेले’ म्हणत राहिल्या. कुठे, ते कुणी काढलं नाही. आईनं सगळ्यांना चहा दिला.

त्यानंतर प्रार्थनेत ती गप्प बसू लागली. एका संध्याकाळी मात्र सवयीनं तिच्या तोंडून निघून गेलं, ‘‘प्रभू, माझ्या वडिलांचे...’’ आणि ती थांबली. बाबा चर्चचे पंच, तिथले नियम सांभाळणारे. ते हळूच म्हणाले, ‘‘अगं, मेलेल्यांसाठी आपल्यात प्रार्थना करत नाहीत.’’

आईनं डोळे उघडले. तोवर तिची सरकारी दवाखान्यातल्या जळीत वॉर्डात बरीच वर्षं झाली होती.

‘‘भाजलेलं माणूस पाहिलंय तुम्ही?’’ तिनं विचारलं. ‘‘मी रोज पाहते. आल्या आल्या पाणी मागतात. काय करून आलात, कुणाला मानता, असं आम्ही विचारत नाही. मला दया येते आणि देवाला येत नसेल, तर त्या स्वर्गात जाऊन मी काय करू? बाप जळत असताना गाणी म्हणू?’’

मी मनातून टरकले. इतके दिवस मी देवाशी बिनधास्त भांडत होते, कारण आईचा विश्वास घरात खांबासारखा उभा होता. तोच हलला तर भांडायचं कुणाशी?

दुसऱ्या दिवशी दिवेलागणीला आम्ही बसलो. आईची वेळ आली तेव्हा तिनं घसा खाकरला. ‘‘प्रभू, माझ्या वडिलांना तहान लागली असेल, तर पाणी दे.’’

नियमाप्रमाणे बाबांनी तिला अडवायला हवं होतं. त्यांनी सगळ्यांत आधी ‘आमेन’ म्हटलं. पुढे रोजच तसं होऊ लागलं आणि चर्चमध्ये त्याची कुणी वाच्यता केली नाही.

माझा प्रश्न काही सुटला नाही. मधली काही वर्षं तर मी चर्चला जाणंच सोडलं होतं. नरक आहे की नाही, मला माहीत नाही. असला, तर प्रेमळ देवाशी त्याचा मेळ मला आजही घालता येत नाही.

बाबा वारले तेव्हा माझं लग्न होऊन गेलं होतं. पंच म्हणून उभा जन्म काढलेला माणूस, ते स्वर्गातच गेले याबद्दल कुणाच्या मनात शंका नव्हती. माती देऊन आम्ही घरी आलो. आई हातपाय धुऊन भिंतीला टेकून बसली आणि तिनं डोळे मिटले.

‘‘प्रभू, आता दोघांना एकाच ठिकाणी ठेव,’’ ती म्हणाली. ‘‘कुठे, ते तू बघ.’’